रेणूच्या आतली ओढाताण: प्रकरणं पाच, बलं किती?

पाटीपेन्सिल

लेकीचं कार्बनी रसायन घ्यायला बसलो आणि स्वतःच अडकलो. फिनॉलवर विरल नायट्रिक आम्लाची क्रिया केली की ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉलचं मिश्रण मिळतं. दोघांचं सूत्र एक, अणू तेच, वस्तुमान तेच. फरक एवढाच की एकात नायट्रो गट हायड्रॉक्सिलला खेटून बसलाय, दुसऱ्यात वलयाच्या पार समोरच्या टोकाला. मिश्रणातून वाफ सोडली की पिवळा ऑर्थो वाफेबरोबर निघून जातो आणि पॅरा चंबूतच बसून राहतो.

पुस्तकात कारण एका ओळीत उरकलंय: ऑर्थोमध्ये रेण्वंतर्गत, म्हणजे रेणूच्या आतल्या आत, हायड्रोजन बंध असतो. लेकीने विचारलं, "बंध आहे म्हणतोस, मग त्याने धरून ठेवायला हवं ना? उलट तोच आधी कसा पळतो?" मी गप्प.

दुसरी शंका माझी. प्रेरण परिणाम (बंधांमधून इलेक्ट्रॉन खेचले जाणं) एका प्रकरणात, संस्पंदन (इलेक्ट्रॉन अनेक अणूंवर पसरणं) दुसऱ्यात, स्टेरिक अडथळा (गटांची गर्दी) तिसऱ्यात, वलयातला ताण चौथ्यात, हायड्रोजन बंध पाचव्यात. ही खरोखर पाच बलं आहेत, की एकाच बलाला पाच नावं? जाणकारांनी लिहावं. गणित चालेल, पण माणसात राहून.

निळी शाई

लेकीचा प्रश्न पुस्तकापेक्षा चांगला आहे. 'बंध' हा शब्द तिथे दोन कामांसाठी वापरलाय, म्हणून घोळ.

उकळणं म्हणजे रेणू मोडणं नव्हे. एका रेणूने शेजारच्या रेणूंचे हात सोडणं म्हणजे उकळणं. पॅरामध्ये हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या नायट्रो गटाला धरतो, त्याचा हायड्रोजन पुढच्याला, अशी साखळी लागते. ऑर्थोमध्ये तो हायड्रोजन घरातल्याच नायट्रो गटाच्या ऑक्सिजनला धरून बसतो आणि सहा अणूंचं एक आटोपशीर कडं तयार होतं. हात घरात गुंतला, शेजाऱ्याला द्यायला उरला नाही. म्हणून ऑर्थोचा द्रवणांक ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि उत्कलनांक साधारण २१५. पॅराचे तेच आकडे ११४ आणि २७९. ऑर्थो पाण्यातही कमी विरघळतो, कारण पाण्याला द्यायलाही हात मोकळा नाही.

हेच आम्लतेत बघा. सॅलिसिलिक आम्लात हायड्रॉक्सिल गट कार्बॉक्सिलच्या शेजारी असतो. त्याचा पीकेए २.९७ (पीकेए जितका कमी तितकं आम्ल बळकट; एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट). तोच हायड्रॉक्सिल पॅरा जागी नेला की पीकेए ४.५७, म्हणजे आम्ल सुमारे चाळीस पट दुबळं. कारण कार्बॉक्सिलचा प्रोटॉन गेल्यावर मागे जो ऋणभार राहतो, त्याला शेजारचा हायड्रॉक्सिल हायड्रोजन बंधाने सावरून धरतो. पॅरामध्ये सावरायला जवळ कोणीच नाही.

माझी सगळ्यात आवडती जोडी मात्र मॅलेइक आणि फ्यूमॅरिक आम्लाची. मधे एक द्विबंध, दोन बाजूंना दोन कार्बॉक्सिल. मॅलेइकमध्ये दोन्ही एकाच बाजूला, फ्यूमॅरिकमध्ये विरुद्ध बाजूंना. द्विबंध फिरत नाही, त्यामुळे जो जिथे बसला तो तिथेच. मॅलेइकचा पहिला प्रोटॉन चटकन सुटतो (पीकेए १.९, फ्यूमॅरिकचा ३.०), कारण सुटल्यावर उरलेला प्रोटॉन दोन्ही गटांच्या मधे वाटून घेता येतो. पण तो वाटून घेतलेला दुसरा प्रोटॉन काढायला जा! पीकेए ६ च्या वर; फ्यूमॅरिकचा दुसरा ४.४ लाच निघतो. मॅलेइकचे दोन प्रोटॉन एकाच रेणूतले, पण त्यांच्या सुटण्यात दहा हजार पटींहून जास्त फरक.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. हाताची उपमा लेकीला नक्की पटेल.

तिरकस

उपमा छान आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नका. हात घरात गुंतलाय हे पाणी मान्य करतं का, तेही बघायला हवं. ॲसिटिलॲसिटोन घ्या. ते कीटो (हायड्रोजन कार्बनवर) आणि ईनॉल (तोच हायड्रोजन ऑक्सिजनवर) अशा दोन रूपांत एकाच वेळी असतं. ईनॉल रूपात आत हायड्रोजन बंध होतो आणि द्विबंध एकाआड एक येऊन इलेक्ट्रॉन पसरतात, म्हणजे दुहेरी फायदा. शुद्ध द्रवात साधारण ८० टक्के रेणू ईनॉल रूपात सापडतात. हेक्झेनमध्ये विरघळवा, प्रमाण ९० च्या वर जातं. पाण्यात टाका, १५-२० टक्क्यांवर येतं. रेणू तोच, आतली बलं तीच. पाण्याने कीटो रूपाच्या ऑक्सिजनांना इतके हात देऊ केले की आतल्या बंधाची मातब्बरी उरली नाही.

म्हणून 'रेणूच्या आतलं बल' ही पुस्तकाची भाषा ऐकली की मी विचारतो, रेणू कुठे ठेवलाय?

निळी शाई

मान्य. माझ्या प्रतिसादातलं 'हात उरला नाही' हे वाक्य पाण्याबाहेर जास्त खरं आहे.

वळसा

द्रवणांकाबद्दल छोटी पुरवणी. उत्कलनांक आणि द्रवणांक एकाच कारणाने वरखाली होतात असं समजू नका. पेंटेनचे समघटक बघा. सरळ साखळीचं पेंटेन ३६ अंशांना उकळतं आणि चेंडूसारखं गोल निओपेंटेन ९.५ ला. गोल रेणूला शेजाऱ्याशी टेकायला पृष्ठभाग कमी, ते ठीक. पण वितळताना उलटं! सरळ पेंटेन उणे १३० ला वितळतं, निओपेंटेन उणे १६.५ ला. स्फटिकात रचून बसायला सुडौल, सममित आकार फार सोयीचा. त्यामुळे द्रवणांकावरून आतल्या बलांचा अंदाज बांधताना जपून.

आता वलयांवर येतो, कारण ती माझी दुखरी नस आहे. १८८५ मध्ये बायर यांनी मांडलं की कार्बनच्या चार बंधांमधला कोन १०९.५ अंश असतो, मग तीन कार्बनच्या वलयात तो ६० वर दाबला जातो आणि तिथून ताण येतो. इथवर उत्तम. पण त्यांनी सगळी वलयं सपाट धरली. सपाट षटकोनात कोन १२० होतो, म्हणून सहा कार्बनच्या वलयातही ताण असणार आणि त्याहून मोठ्या वलयांत वाढतच जाणार, असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात सायक्लोहेक्झेनमध्ये, म्हणजे याच सहा कार्बनच्या वलयात, ताण जवळपास शून्य.

१८९० मध्ये झाक्से नावाच्या तरुणाने दाखवलं की वलय सपाट नसेल, खुर्चीसारखं दुमडलं असेल, तर सगळे कोन हवे तसे राहतात. मांडणी इतकी गणिती होती की रसायनशास्त्रज्ञांनी तिकडे पाहिलंच नाही. १८९३ मध्ये, वयाची बत्तिशीही गाठण्याआधी, तो गेला. पुढे हॅसल आणि बार्टन यांनी या आकारांच्या अभ्यासावर १९६९ चं नोबेल मिळवलं. झाक्से मला नेहमी आठवतो.

आणि कोन हीच सगळी गोष्ट नाही. सायक्लोप्रोपेनमधला (तीन कार्बनचं वलय) ताण मोलमागे साधारण ११५ किलोजूल, सायक्लोब्यूटेनमधला (चार कार्बनचं) ११०. कोन ६० वरून ९० च्या घरात आला, तरी ताण जवळपास तेवढाच! कारण सपाट चौकोनात शेजारशेजारचे हायड्रोजन अगदी समोरासमोर येतात, आणि ती अडचण तीनऐवजी चार बंधांवर येते. म्हणून सायक्लोब्यूटेन जरासं दुमडतं. दुमडल्याने कोन आणखी दाबला जातो, तो तोटा. हायड्रोजन थोडे सरकतात, तो नफा. रेणू हा व्यवहार करतो. आकार कुठल्या एका बलाने ठरत नाही, तो असा घासाघीस होऊन ठरतो.

खुर्चीतली घासाघीस तर मोजताही येते. खुर्चीवर बसवलेला मिथिल गट बाहेरच्या बाजूला असेल तर आरामात, उभ्या दिशेला असेल तर त्याच बाजूच्या दोन हायड्रोजनांशी खेटतो. किंमत ७ किलोजूलच्या थोडी वर. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यावर खोलीच्या तापमानाला ९५ टक्के रेणू पहिल्या रूपात असतात. आणि हे रेणू गोठून बसलेले नाहीत बरं का. साध्या सायक्लोहेक्झेनची खुर्ची खोलीच्या तापमानाला सेकंदाला साधारण लाखभर वेळा उलटसुलट होते.

मुक्त मूलक

ताण म्हणजे लगेच फुटणार, असंही नाही. क्यूबेन आठवा: आठ कार्बन, घनाचे आठ कोपरे, सगळीकडे ९० अंश. १९६४ मध्ये ईटन आणि कोल यांनी बनवलं. त्याआधी अनेकांना वाटायचं की असला रेणू टिकणारच नाही. साठवलेला ताण मोलमागे साडेसहाशे किलोजूलच्या वर, तरी ते खोलीच्या तापमानाला शांत स्फटिक म्हणून बसून असतं. उतरायला सोपी वाट नाही, म्हणून डोंगरावर अडकलेलं.

पाटीपेन्सिल

वळसा, झाक्सेची गोष्ट लेकीला सांगितली. तिचा प्रश्न: "हायड्रोजन समोरासमोर आले तर बिघडतं काय? एवढेसे तर असतात." मी म्हटलं, एकमेकांना धक्का मारतात. बरोबर सांगितलं ना?

तिरकस

बरोबर सांगितलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, चूक म्हणायलाही नाही.

इथेन. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, याहून साधा रेणू शोधून सापडणार नाही. पुढचे तीन हायड्रोजन मागच्या तिघांच्या फटींतून दिसतील अशी रचना पसंत. समोरासमोर आणायला मोलमागे १२ किलोजूल मोजावे लागतात. हा अडसर आहे हे १९३६ मध्ये केम्प आणि पिट्झर यांनी दाखवलं. कारण विचाराल तर बहुतेक पुस्तकं म्हणतील, धक्का. २००१ मध्ये पॉप्रिस्टिक आणि गुडमन यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की कारण धक्का नाहीच. फटीतल्या रचनेत एका बाजूच्या कार्बन-हायड्रोजन बंधाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या कक्षकात (इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जागेत) थोडे झिरपतात आणि रेणूला स्थैर्य देतात. याला हायपरकॉन्जुगेशन म्हणतात. म्हणजे समोरासमोरची रचना वाईट नाही, फटीतली जास्त चांगली आहे! दोनच वर्षांनी बिकेलहाउप्ट आणि बेअरेंड्स यांनी हिशेब वेगळ्या रीतीने मांडला आणि म्हणाले, नाही, धक्काच मुख्य. पुढे आणखी लोक आले. १२ चा आकडा कोणी नाकारत नाही. तो कुठल्या खात्यावर टाकायचा, यावर भांडण आहे.

आणि ज्यांना धक्क्याने सगळं उलगडतं असं वाटतं त्यांच्यासाठी १,२-डायफ्लोरोइथेन. दोन फ्लोरिन, दोन्ही ऋण बाजूचे, लांब पळायला हवेत. ते मुद्दाम जवळची, साठ अंशांची रचना पसंत करतात.

निळी शाई

तिरकसराव, 'नेचर'मधल्या भांडणाने लेकीची परीक्षा सुटायची नाही. 😄 तिला 'धक्का' लिहू दे, खाली बारीक अक्षरात 'आणि इलेक्ट्रॉनांचं झिरपणं' लिहू दे.

पण गर्दीचा विषय निघालाच आहे तर गोम्बर्गची गोष्ट सांगितल्याशिवाय धागा पुढे जाऊ नये.

१९०० साल. गोम्बर्ग यांना हेक्झाफिनिलइथेन बनवायचं होतं: इथेनचे सहाही हायड्रोजन काढून त्या जागी सहा बेन्झीन वलयं. हाती आलं ते विचित्रच. हवेतल्या ऑक्सिजनशी झटकन क्रिया करणारं, द्रावणात पिवळं पडणारं. त्यांनी ओळखलं की मधला बंध जुळतच नाही, तीन बंधांवर अडलेला एकटा कार्बन द्रावणात फिरतोय. कार्बनचा पहिला मुक्त मूलक. (वरच्या सदस्याचं नाव इथूनच आलं असावं.) हे मूलक जोडीने येतात तेव्हाही मधले कार्बन एकमेकांना भेटत नाहीत; एकाचा मधला कार्बन दुसऱ्याच्या वलयाच्या टोकाला जाऊन चिकटतो. पुस्तकांत कित्येक दशकं चुकीचंच चित्र छापलं जात होतं, १९६८ मध्ये एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंचा शेजार ओळखणाऱ्या तंत्राने) ते निस्तरलं.

निष्कर्ष सरळ वाटतो: गर्दी फार, म्हणून बंध नाही. आता पुढे ऐका. त्या सहा वलयांवर प्रत्येकी दोन, असे एकूण बारा टर्शरी-ब्यूटिल गट (चार कार्बनांचे फुगीर गट) बसवले. म्हणजे आधीच दाटीवाटी, वर बारा धष्टपुष्ट पाहुणे. बंध आणखी तुटायला हवा. तर तो जुळला! १९८६ मध्ये या रेणूचा स्फटिक तपासला गेला. मधल्या बंधाची लांबी १.६७ अँगस्ट्रॉम, नेहमीच्या १.५४ पेक्षा बरीच ताणलेली, पण बंध शाबूत.

हे का, याचा नीट हिशेब २०११ मध्ये ग्रिम आणि श्राइनर यांनी दिला. हे बारा गट वलयांच्या अशा जागी आहेत की मधल्या बंधाची अडचण ते फारशी वाढवत नाहीत. पण रेणूच्या एका अर्ध्यातले गट दुसऱ्या अर्ध्यातल्या गटांना कडेने अलगद टेकतात. दोन इलेक्ट्रॉन मेघ जवळ आले की एकातल्या क्षणिक हेलकाव्याने दुसऱ्यात हेलकावा उठतो आणि हलकीशी ओढ तयार होते. हेच लंडन यांनी १९३० मध्ये मांडलेलं विक्षेपण बल. एका जोडीपुरतं ते नगण्य. इथे शेकडो जोड्या आहेत. गणनेतून ही ओढ वगळली तर रेणू टिकत नाही.

ज्या गटांना आपण जन्मभर 'अडथळा' म्हणत आलो, तेच इथे रेणू बांधून ठेवतायत. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी जुन्या वहीतली 'स्टेरिक अडथळा' लिहिलेली अर्धी पानं पुन्हा वाचली.

मुक्त मूलक

हो, नाव तिथूनच. पकडलंत.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण राहवलं नाही. एनएमआरवरून माझी फजिती. शिकत असताना डायमिथिलफॉर्ममाइडचा आलेख काढला. नायट्रोजनवर दोन मिथिल, दोन्ही सारखे, म्हणून एक शिखर हवं. आली दोन. नमुना अशुद्ध समजून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं. परत दोन. तिसऱ्यांदा चंबू लावत होतो तेव्हा एका वरिष्ठाने हसून सांगितलं की नमुना शुद्धच आहे, अशुद्ध माझी समजूत आहे.

नायट्रोजनची एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) शेजारच्या कार्बोनिलकडे (कार्बन-ऑक्सिजन द्विबंधाकडे) पसरते, त्यामुळे कार्बन-नायट्रोजन बंध अर्धवट द्विबंधासारखा वागतो आणि सहज फिरत नाही. एक मिथिल कायम ऑक्सिजनच्या बाजूला, दुसरा पलीकडे. दोघांचा शेजार वेगळा, म्हणून शिखरं वेगळी. नमुना शंभर अंशांच्या वर तापवला की फिरणं वेगात येतं आणि दोन शिखरं एकमेकांत मिसळतात. तेव्हापासून संस्पंदन ही माझ्यासाठी कागदावरची बाणांची कसरत राहिली नाही.

निळी शाई

वाचनमात्र, असंच लिहीत जा! आणि हाच न फिरणारा बंध प्रथिनांच्या कण्यात दर अमिनो आम्लामागे एकदा येतो. तिथे कार्बन-नायट्रोजन अंतर १.३३ अँगस्ट्रॉम, साध्या एकेरी बंधाचं १.४७. पॉलिंग यांनी हा तुकडा सपाट असतो हे धरून चालल्यामुळेच १९५१ मध्ये कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह आल्फा सर्पिल (प्रथिन साखळीचा मळसूत्री आकार) मांडता आला.

मग फिरायला उरतात दर दुव्यामागे दोनच बंध. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी या दोन कोनांचा नकाशा काढला. अणू म्हणजे टणक गोळे धरायचे आणि कुठल्या कोनांना कोण कोणावर आदळतो ते बघायचं, बस्स. नकाशाचा बहुतेक भाग वर्ज्य निघाला आणि उरलेल्या मोजक्या बेटांवर आल्फा सर्पिल आणि बीटा पट्टे बरोबर येऊन बसले. आजही नव्या प्रथिनाची रचना तपासताना हा नकाशा काढतातच. तिरकसराव, निव्वळ धक्क्याने एवढं उलगडलं!

तिरकस

तिथे धक्का चालतो कारण तिथे अणू खरोखर एकमेकांवर चढतात. इथेनमध्ये ते जेमतेम नजरेच्या टप्प्यात येतात. हत्यार एकच, काम वेगळं.

पाटीपेन्सिल यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून देतो. १९३९ मध्ये फाइनमन यांनी पदवीच्या प्रबंधात, आणि त्याआधी हेलमन यांनी स्वतंत्रपणे, दाखवलं की इलेक्ट्रॉन मेघ कुठे किती दाट आहे हे एकदा कळलं की अणुकेंद्रांवरचं बल साध्या विद्युत आकर्षण-प्रतिकर्षणाच्या नियमाने काढता येतं. वेगळं 'संस्पंदन बल' नाही, वेगळं 'स्टेरिक बल' नाही. मेघ कसा पसरेल हे मात्र पुंज यांत्रिकी ठरवते. सारख्या फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन एका जागी येऊ शकत नाहीत, आणि 'धक्का' म्हणतो तो मुख्यतः तिथून येतो.

म्हणजे प्रकरणं पाच, बल एक. पाच नावं ही हिशेबाची खाती. एकूण रक्कम निसर्गाची, खाती आपली. इथेनवर भांडण होतं ते यामुळेच.

पाटीपेन्सिल

खाती! हे बेष्ट. लेकीला आवडलं. इतकं की तिने लगेच मलाच अडचणीत आणलं. म्हणते, "सॅलिसिलिकमध्ये आतल्या हायड्रोजन बंधाने आम्ल बळकट झालं. मग ऑर्थो नायट्रोफिनॉलमध्येही आत तोच बंध आहे. तोही पॅरापेक्षा बळकट आम्ल असायला हवा." मी आकडे शोधले. ऑर्थोचा पीकेए ७.२३, पॅराचा ७.१५. ऑर्थो उलट किंचित दुबळाच! खातं तेच, मग रक्कम उलट कशी?

वळसा

लेकीला सभासद करून घ्या आता.

निळी शाई

तिला विचारा, दोन्ही ठिकाणी निघून जाणारा प्रोटॉन कोणता?

पाटीपेन्सिल

विचारलं. पाच मिनिटं वहीत चित्रं काढली आणि मग तिचं उत्तर असं: सॅलिसिलिकमध्ये जातो तो कार्बॉक्सिलचा प्रोटॉन, आत बांधलेला हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन मागे राहतो आणि ऋणभाराला सावरतो. नायट्रोफिनॉलमध्ये प्रोटॉन एकच, आणि बांधलेलाही तोच. तो काढायचा तर आधी त्याचा हात सोडवावा लागतो, आणि तो गेल्यावर सावरायला कोणीच उरत नाही. उलट दोन ऋण बाजूचे ऑक्सिजन शेजारी शेजारी. मग स्वतःच म्हणाली, "तर मग सॅलिसिलिकचा दुसरा प्रोटॉन काढणं महाकठीण असणार."

आकडा बघितला. पीकेए १३ च्या पुढे. साध्या फिनॉलचा १०.

तिरकस

बापाने आता खुर्ची सोडावी. तिच्यासाठी पुढचं: डायमिथिलॲनिलीनच्या संयुग्मी आम्लाचा (त्याने प्रोटॉन घेतल्यावर बनणाऱ्या रूपाचा) पीकेए ५.१. नॅप्थॅलीनच्या १ आणि ८ क्रमांकांवर असे दोन डायमिथिलअमिनो गट शेजारी शेजारी बसवले की तो १२.१ होतो, म्हणजे आम्लारी म्हणून सुमारे एक कोटी पट बळकट. १९६८ पासून याला प्रोटॉन स्पंज म्हणतात. कुठल्या खात्यावर किती, तिने मांडून दाखवावं. एकापेक्षा जास्त खाती लागतील एवढंच सांगतो.

पाटीपेन्सिल

वही घेऊन बसलीय. दोन एकाकी जोड्या समोरासमोर काढल्यात आणि मधे प्रश्नचिन्ह.